उंदराच्या पोटातला दिवा

१९११ सालची गोष्ट. गेओर्ग हेवेशी नावाचा हंगेरीचा तरुण मँचेस्टरला रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत काम करायला गेला होता. राहणे-जेवणे एका बाईंच्या घरी. त्याला संशय असा, की रविवारचे उरलेसुरले अन्न बाई आठवडाभर नवे रूप देऊन वाढतात. बाई कानांवर हात ठेवीत. मग एका रविवारी पठ्ठ्याने पानात टाकलेल्या अन्नावर किंचित किरणोत्सारी द्रव्य घातले आणि काही दिवसांनी आलेला पदार्थ मापकापुढे धरला. चोरी सापडली! ही हकीकत हेवेशी पुढे स्वतःच सांगत. थोडी मीठमिरचीही लावीत असतील, पण तत्त्व खरे होते. किरणोत्सारी अणू शरीराला नेहमीच्या अणूसारखाच वाटतो. तो मात्र जाईल तिथून आपला पत्ता कळवतो. कळपातल्या एका मेंढीच्या गळ्यात घंटा बांधावी, तसे.

१९२३ साली हेवेशींनी याच युक्तीने रोपाच्या मुळांतून शिसे कसे चढते ते पाहिले. १९३५ साली कोपनहेगनला त्यांनी उंदरांना किरणोत्सारी फॉस्फरस चारला. हाड म्हणजे एकदा बांधलेली भिंत, अशी तेव्हाची समजूत. निघाले भलतेच! हाडातले फॉस्फरसचे अणू सारखे जातात आणि त्यांच्या जागी नवे येतात. उंदराच्या अंगात एक अणू सरासरी सुमारे दोन महिने टिकतो. भिंत उभी, पण विटा रोज बदलताहेत. १९४३ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना या युक्तीबद्दलच मिळाले.

पण या शोधाची किंमत उंदरांनी मोजली. त्या फॉस्फरसचे किरण मांसातून फार तर काही मिलिमीटर जातात. म्हणून उंदीर मारायचा, अवयव वेगळे करायचे आणि मग मोजायचे. पहिल्या दिवशी एक मारला, दहाव्या दिवशी दुसरा. फरक पडला तो दिवसांमुळे की उंदीर निराळा म्हणून, हे कसे ठरवणार?

गॅमा किरण मात्र शरीराबाहेर येतात. ते टिपून चित्र काढणारा कॅमेरा हॅल अँगर यांनी १९५०च्या दशकात अमेरिकेत बर्कली येथे तयार केला, पण तो माणसासाठी. वीस-तीस ग्रॅमचा उंदीर त्यात नुसता ठिपकाच दिसणार. गॅमा किरणांना भिंगाने वळवता येत नाही. तेव्हा उपाय निघाला तो आपल्या कौलारू घरातलाच! कौलातल्या बारीक भोकातून अंधाऱ्या खोलीत बाहेरचे उलटे चित्र उमटते, ते तुम्ही पाहिले असेल. तसेच जड धातूच्या पत्र्याला सुईएवढे भोक पाडले. उंदीर भोकाजवळ ठेवला, टिपणारा स्फटिक लांब. चित्र मोठे झाले. दुसरी वाट ‘पेट’ची. त्यात एका घटनेतून दोन किरण विरुद्ध दिशांना सुटतात आणि भोवतालचे कडे दोन्ही एकदम पकडते. १९९०च्या दशकात लॉस एंजेलिसला सायमन चेरी व सहकाऱ्यांनी लहान प्राण्यांपुरते असे कडे बनवले. सुमारे दोन मिलिमीटरचा तपशील त्यात दिसू लागला. आपल्याकडे खारघरच्या कर्करोग संशोधन केंद्रातही लहान प्राण्यांसाठी अशी यंत्रे आली.

प्रयोगाअखेरीस पडताळ्यासाठी उंदीर अजूनही बहुधा मारावा लागतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण गाठीवरचे औषध लागू पडते आहे का, हे आता एकाच उंदरात आठवड्या-आठवड्याने पाहता येते. त्याला भूल देतात, अंग गार पडू नये म्हणून ऊब देतात. चित्र निघते, उंदीर जागा होतो आणि आपल्या पिंजऱ्यात जाऊन दाणे खाऊ लागतो.