वायसीएमच्या पाटीवरचं नाव

 कामावरून येऊन चहा टाकता टाकता ऐकणाऱ्या सगळ्याजणींना महाळुंग्याहून आमचा नमस्कार.

पिंपरीच्या वायसीएमला आपल्यातल्या किती जणी गेल्यात? कुणी बाळंतपणाला, कुणी सासऱ्यांना घेऊन. गेल्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले, वही मिटली, आणि गटातल्या एका आजींनी विचारलं, "वायसीएम वायसीएम म्हणता, पण ते नाव कुणाचं गं?" यशवंतराव चव्हाण, एवढं सगळ्यांना आलं. त्यापुढे सगळ्या गप्प. आमच्यातल्या दोघींनी ज्या मुक्त विद्यापीठातून बीए केलं, त्यालाही त्यांचंच नाव. पदवीच्या कागदावर नाव आहे आणि माणूस माहीत नाही, याची आमची आम्हालाच लाज वाटली. म्हणून आज त्यांच्याविषयी बोलू.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ चा, देवराष्ट्रे गावचा. ते त्यांचं आजोळ. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगली जिल्ह्यात आहे. वडील बळवंतराव कोर्टात बेलीफ होते. मुलं लहान असतानाच ते गेले. आई विठाबाई शाळा शिकलेल्या नव्हत्या, पण मुलांना शिकवायचंच हा त्यांचा हट्ट. यशवंतराव कराडच्या टिळक हायस्कुलात शिकले, मग कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून १९३८ साली बीए झाले, पुढे पुण्यात वकिलीची परीक्षा दिली.

मधे तुरुंगही झाला. १९३२ साली, शाळेत असतानाच, स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. तेव्हा मास्तरांनी विठाबाईंना सुचवलं, पोराने माफी मागितली तर सुटेल. विठाबाईंनी ते मानलं नाही. माफी कशाची, तब्येतीला जप, एवढंच त्यांनी लेकाला सांगितलं. ही हकीकत यशवंतरावांनी 'कृष्णाकाठ' या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. असं म्हणायला किती बळ लागलं असेल, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

२ जून १९४२ ला फलटणच्या वेणूताईंशी त्यांचं लग्न झालं. दोन महिन्यांत 'चले जाव'ची चळवळ सुरू झाली आणि नवरा भूमिगत. पोलिसांना यशवंतराव सापडेनात, म्हणून त्यांनी वेणूताईंनाच धरलं. लग्नानंतरची पहिली संक्रांत. आपण त्या दिवशी वाण लुटतो, त्या कोठडीत होत्या. त्या दगदगीने त्यांची तब्येत खालावली.

आता कारकीर्द. १९४६ साली ते पहिल्यांदा मुंबई विधानसभेवर निवडून आले. १९५२ साली मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात पुरवठा मंत्री झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला गुजरात-महाराष्ट्र मिळून केलेल्या द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री. १९६२ साली चीनचं युद्ध झालं. त्या नोव्हेंबरात पंडित नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं तेव्हा लोक म्हणाले. १९६५ च्या पाकिस्तानच्या युद्धातही संरक्षण खातं त्यांच्याकडेच होतं. पुढे १९६६ ला गृहमंत्री, १९७० ला अर्थमंत्री, १९७४ ला परराष्ट्रमंत्री. १९७७ साली काँग्रेस हरली, तेव्हा लोकसभेत विरोधी पक्षनेते. १९७९ साली त्यांनी मोरारजींच्या सरकारवर अविश्वास ठराव मांडला. ज्यांच्या हाताखाली मंत्रिपदाला सुरुवात केली, त्यांचंच सरकार त्या ठरावानंतर गेलं. मग चरणसिंगांच्या सरकारात ते उपपंतप्रधान झाले.

एवढी पदं मिळाली म्हणून सगळं गोडच होतं असं नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १०६ माणसं हुतात्मा झाली. तेव्हा यशवंतरावांनी दिल्लीशी भांडण घ्यायचं नाही असं ठरवलं, म्हणून लोकांचा फार राग ओढवून घेतला. १९५७ ची निवडणूक कराडला ते थोडक्यात जिंकले. १९७५ च्या आणीबाणीत ते सरकारात होते आणि सरकारातच राहिले. हेही त्यांच्याच कारकिर्दीचं पान आहे. माणूस मोठा म्हणून ते पान फाडून टाकायचं कारण नाही.

पण बैठकीत आजींनी खरा प्रश्न नंतर विचारला. "दिल्लीचं राहू दे. आपल्या दारात काय आलं?"

आम्ही तारखा मांडून पाहिल्या. १९५६ ते १९६२ ही मुख्यमंत्रिपदाची सहा वर्षं. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. कूळकायदा आधीचा, सुधारणा १९५६ ची, पण कसणाऱ्याच्या नावावर जमीन होण्याचा दिवस त्यांच्या काळात उगवला. आपल्या सातबारावर कुळाच्या ज्या नोंदी दिसतात, त्यांतल्या पुष्कळ तिथल्या. १९५८ चा ग्रामपंचायत कायदा त्यांच्या काळातला. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या १ मे १९६२ ला सुरू झाल्या, म्हणजे गावच्या शाळेचा, दवाखान्याचा, रस्त्याचा निर्णय मुंबईहून जिल्ह्यावर आला. गरीब घरच्या मुलांना ईबीसीची फीमाफीही त्यांनीच आणली. आणि १९६१ साली औद्योगिक विकासाचा कायदा झाला, १ ऑगस्ट १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली. आधी पिंपरी-चिंचवडला कारखाने आले. चाकणचा पट्टा पुष्कळ नंतरचा, पण मूळ कायदा तोच.

म्हणजे महाळुंग्याच्या रानात बाजरी होती तिथे कंपन्यांच्या शेड उभ्या राहिल्या, त्याचं बी तेव्हा पेरलं गेलं. त्यातून नोकऱ्या आल्या, भाड्याच्या खोल्या आल्या, पोरांच्या हातात पगार आला. हे नाकारून चालणार नाही.

त्याच वेळी आमच्या गटातली एकजण बोलली. तिचा नवरा लवकर वारला. वारसनोंद कुणी केली नाही, तिलाही ते माहीत नव्हतं. उताऱ्यावर दिरांचं नाव, पुढे अक्षरं 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन कंपनीसाठी गेली तेव्हा नोटीस दिरांना आली, पैसा दिरांच्या खात्यात गेला. तिच्या वाट्याला एक खोली आली. ज्या रानात तिने दहा वर्षं खुरपलं, त्याच्या जवळच एका कॅन्टीनमध्ये ती आता ठेकेदारीवर चपात्या लाटते. एवढं सांगून ती उठली आणि चहाचे कप गोळा करायला लागली. कुणाला काही बोलवेना.

मग आमच्या ध्यानात आलं. तो काळ दूरदृष्टीचा होता, पण त्या कायद्यांत 'शेतकरी' म्हटलं की पुरुषच डोळ्यापुढे होता. जिल्हा परिषदेत बाई निवडून आली नाही तर एखाद-दुसरी घ्यायची, एवढीच जागा होती. विठाबाई आणि वेणूताईंच्या जिवावर ज्या घराने राजकारण पेललं, तिथून निघालेल्या कायद्यांतही बाईचं नाव लिहायला वेळ लागला. महाराष्ट्रात पंचायतीत ३० टक्के जागा १९९० साली आल्या, ७३ व्या घटनादुरुस्तीने देशभर एक तृतीयांश झाल्या आणि आपल्याकडे २०११ साली निम्म्या. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा वाटा महाराष्ट्राने १९९४ ला दिला, देशाने २००५ ला. ते पाहायला यशवंतराव नव्हते. १ जून १९८३ ला वेणूताई गेल्या, त्यांना मूलबाळ नव्हतं, ते फार एकटे पडले. २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत ते गेले. कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे.

अडतीस वर्षांची ही कारकीर्द. त्यांनी पंचायतीचं घर बांधलं. त्या घरात आपलं नाव लावून घेणं हे काम आता आपलं आहे.

बैठकीत आम्ही ठरवलं की पुढच्या वेळी हप्त्याबरोबर प्रत्येकीने घरचा सातबारा आणि आठ-अ आणायचा. आणले. सतरा जणींपैकी चौघींचीच नावं निघाली. ज्या तिघी विधवा आहेत आणि ज्यांची वारसनोंद राहिली आहे, त्यांचे अर्ज आम्ही बसून लिहिले, तलाठ्याकडे दिले आणि पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय अर्ज द्यायचा नाही, हे लक्षात ठेवा. चपात्या लाटणाऱ्या मैत्रिणीच्या सासरची अजून थोडी जमीन शिल्लक आहे. तिचाही अर्ज त्यात आहे.

आणखी एक. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, असं कायदा सांगतो. तुमच्या गावात ती होते का, की नुसत्या रजिस्टरवर सह्या होतात? ग्रामपंचायतीत जाऊन तारीख विचारा. एकटी जाऊ नका, पाचजणी जा.

आणि पुढच्या वेळी वायसीएमच्या पाटीखालून जाताना सोबतच्या लेकीला सांगा, हे नाव कुणाचं, त्यांनी काय केलं आणि काय राहिलं.