फौजियाच्या बाजूने उभे राहिलेले कागद

आज जरा लांबची गोष्ट सांगणार आहे, पण सुरुवात आपल्या गटापासून करते.

आपल्या गटातल्या एका ताईंचा विधवा पेन्शनचा अर्ज सात महिने अडून होता. आधार कार्डावर त्यांचं नाव एक आणि नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर दुसरंच. ताई काकुळतीने सांगायच्या, "अहो, ती मीच." समोरून उत्तर यायचं, "बाई, तुमचं खरं असेल, पण कागद कुठंय?" शेवटी शाळेचा दाखला, शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं आणि गटाच्या रजिस्टरमधल्या बारा वर्षांच्या सह्या जोडल्या, तेव्हा काम झालं. त्याच दिवसांत मी फौजिया कासिंजा या मुलीची हकिगत वाचत होते. तिचंही नाव सरकारी कागदावर चुकलं होतं आणि तिलाही पुरावाच मागत होते. तिचं मात्र सगळं आयुष्य त्यावर अवलंबून होतं.

पश्चिम आफ्रिकेत घानाला लागून टोगो नावाचा एक चिंचोळा देश आहे. तिथल्या पालिमे गावात फौजिया वाढली. घर खाऊनपिऊन सुखी. पण तिच्या जमातीत मुलीच्या गुप्तांगाचा भाग कापून टाकण्याची प्रथा होती. यात रक्तस्राव होतो, जखम चिघळते, पुढे बाळंतपणात त्रास होतो, कधी जीवही जातो. फौजियाच्या वडिलांना हे मान्य नव्हतं. त्यांनी आपल्या मुलींना यातून वाचवलं, फौजियाला शाळेत घातलं. १९९३ मध्ये ते वारले. घराचा कारभार आत्याच्या हाती गेला, आईला घर सोडावं लागलं आणि फौजियाची शाळा सुटली. पुढच्या वर्षी, सतराव्या वर्षी, तिचं लग्न पंचेचाळीस वर्षांच्या माणसाशी लावलं. त्याला आधीच तीन बायका होत्या. आता ती प्रथाही पार पाडायची असं ठरलं. त्याआधीच मोठ्या बहिणीने तिला घराबाहेर काढलं आणि घानातून विमानात बसवलं. पैसे आईने दिले होते.

जर्मनीत दोन महिने काढून १७ डिसेंबर १९९४ रोजी ती अमेरिकेत न्यूअर्क विमानतळावर उतरली. तिथे तिने आश्रय मागितला. पासपोर्ट दुसऱ्याचा होता, म्हणून तिला कोठडीत ठेवलं. नोंद करताना तिचं आडनाव 'कासिंगा' असं चुकलं. कायद्याच्या पुस्तकांत तिचा खटला आजही त्या चुकीच्या नावानेच ओळखतात.

आता आश्रयाचा कायदा थोडक्यात सांगते. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५१ मध्ये जिनिव्हात निर्वासितांविषयीचा करार झाला. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा एखाद्या विशिष्ट सामाजिक गटातलं असणं, या पाचांपैकी एका कारणाने छळाची रास्त भीती असेल तर ती व्यक्ती निर्वासित ठरते. अमेरिकेच्या १९८० च्या कायद्यानेही हीच पाच कारणं धरली. यात 'बाई असणं' हे कारण कुठेच नाही. म्हणजे फौजियाला दोन गोष्टी सिद्ध करायच्या होत्या. पहिली, आपण सांगतो ते खरं आहे. दुसरी, आपल्यासारख्या मुलींचा असा एक गट आहे आणि त्या गटात असल्यामुळेच हा धोका आहे.

ऑगस्ट १९९५ मध्ये फिलाडेल्फियात सुनावणी झाली. तिच्या बाजूने उभी राहिली कायद्याची एक विद्यार्थिनी, लायली मिलर बशीर. न्यायाधीशांना फौजियाची हकिगत पटली नाही. ती तर्काला धरून नाही, विश्वास बसण्यासारखी नाही, असं म्हणून त्यांनी अर्ज फेटाळला.

इथे मला आपल्या ताई आठवल्या. फौजिया खोटं बोलत नव्हती. पण ती ज्या घरातून आली होती, तिथे वडील गेल्यावर मुलीचं काय होतं, आत्याचा शब्द किती चालतो, हे समोरच्या माणसाला ठाऊक नव्हतं. आपल्याला जे माहीत नाही ते खोटंच वाटतं. ही माहितीची उणीव भरून काढणं हेच खरं काम होतं.

लायली थांबली नाही. तिने अमेरिकन विद्यापीठातल्या मानवी हक्कांच्या मोफत कायदा केंद्राचं दार ठोठावलं आणि तिथल्या वकील कॅरन मुसालो यांनी अपील हाती घेतलं. टोगोविषयीचे अहवाल जमवले. तिथल्या समाजाचा अभ्यास केलेल्यांचं लेखी म्हणणं मिळवलं. ड्यूक विद्यापीठाचे मानववंशशास्त्रज्ञ चार्ल्स पायट त्यांपैकी एक. उत्तर टोगोतल्या गावांत राहून त्यांनी काम केलं होतं. एप्रिल १९९६ मध्ये वर्तमानपत्रात तिची हकिगत छापून आली आणि त्याच महिन्यात, सोळा महिन्यांच्या कैदेनंतर, तिची सुटका झाली. १३ जून १९९६ रोजी अपील मंडळाने तिला आश्रय दिला. तिचं म्हणणं सुसंगत आहे आणि तिच्या देशाविषयीच्या माहितीशी जुळतं, असं मंडळाने मानलं. हा निकाल पुढच्या खटल्यांना बंधनकारक ठरला. म्हणजे एका मुलीसाठी जमवलेला पुरावा मागून येणाऱ्या कितीतरी जणींच्या उपयोगी पडला.

पुढे १९९७ मध्ये लायलीने हिंसाचारातून सुटून आलेल्या स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत देणारी संस्था काढली. मुसालो यांनी १९९९ मध्ये स्त्रिया आणि आश्रय या विषयाचं अभ्यास केंद्र सुरू केलं. देशोदेशींच्या परिस्थितीची कागदपत्रं ते वकिलांना पुरवतं. युरोपात 'असायलॉस' नावाचं जाळं आहे. तिथे स्वयंसेवक हेच काम विनामूल्य करतात.

या स्वयंसेवकांना वकिलाकडून एक नेमका प्रश्न येतो. अमुक भागात नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार पोलीस नोंदवतात का? कायदा असेल तर तो पाळला जातो का? दुसऱ्या शहरात एकटी बाई राहू शकेल का? मग अहवाल, कायदे, स्थानिक भाषेतली वर्तमानपत्रं धुंडाळायची. प्रत्येक वाक्यापुढे ते कुठून घेतलं आणि कोणत्या तारखेचं आहे ते लिहायचं. जुनी माहिती आजची म्हणून द्यायची नाही. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, अर्जदाराच्या विरुद्ध जाणारी माहिती मिळाली तर तीही दडवायची नाही. एक खोटी ओळ पकडली गेली की खऱ्या ओळींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. हिशेब लिहिणाऱ्या आपल्या सचिवांना हे वेगळं सांगायला नको.

यात एक धोकाही आहे. नंतर पायट यांनीच या खटल्याविषयी लिहिताना खंत मांडली. फौजियाला वाचवण्याच्या भरात वर्तमानपत्रांनी आफ्रिकेचं सगळं चित्रच काळं रंगवलं होतं. मलाही हे पटतं. तिला कापायला निघालेले जसे टोगोचे, तसेच विरोध करणारे वडील, पैसे देणारी आई आणि पळवून नेणारी बहीणही टोगोचीच. १९९८ मध्ये टोगोने या प्रथेवर कायद्याने बंदी आणली.

आपल्या ताईंना आता पेन्शन मिळते. त्यांच्या प्रकरणात कामी आलेलं रजिस्टर कुणी पुरावा म्हणून लिहिलं नव्हतं. दर महिन्याच्या बैठकीला कोण आलं, कोणी किती भरले, एवढंच त्यात होतं. पण दर वेळी तारीख होती आणि खाली सही होती.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या बैठकीला सगळ्यांनी आपलं आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि रेशनकार्ड आणा. तिन्हींवरचं नाव एकसारखं आहे का, ते आपण बसून बघू. जिचं चुकलं असेल, तिचा दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी लिहू.