शंटिंग मांडणी (लघुरेल्वे)

वाघिणी जोडणे, सोडणे आणि ठरलेल्या क्रमाने लावणे हाच खेळ असलेली छोटी लघुरेल्वे. गाडी नुसती गोल फिरत नाही. चालवणाऱ्याला प्रत्येक हालचालीचा विचार करावा लागतो. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय (१९९८) आहे; तिथे भर धावत्या गाड्यांच्या देखाव्यावर आहे.

सर्वांत प्रसिद्ध रचना ॲलन राइट या इंग्रज छंदिष्टाची 'इंगलनूक'. दोन सांधे आणि तीन मार्गिका: एकीत पाच, उरलेल्या दोहोंत तीन-तीन वाघिणी मावतात, पुढच्या लोहमार्गावर इंजिन आणि तीन वाघिणी. एकूण वाघिणी आठ; त्यांपैकी पाच चिठ्ठ्यांनी ठरलेल्या क्रमाने लावायच्या. असे क्रम ६,७२० होतात. लांबी मात्र आधी मोजावी, कारण जागा जास्त झाली की कोडेच उरत नाही. भारतीय रेल्वेची बॉक्सएन (उघडी माल) वाघीण १०.७ मीटर, म्हणजे १:८७ प्रमाणात साधारण १२.३ सेंमी. पावणेदोन मीटरची फळी पुरते.

अशा मांडणीसाठी खानदेशात खऱ्या नमुन्यांची वाण नाही. चाळीसगाव–धुळे फाटा धुळ्यात संपतो, त्यामुळे इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला आणण्याची हालचाल तिथे स्वाभाविक. सावदा–रावेरची केळीभरणी हाही उत्तम विषय. अडचण रुळांची: बाजारातला १६.५ मिमी रूळ १:८७ प्रमाणात १,४३५ मिमी दाखवतो, आपल्या ब्रॉडगेजला सव्वाएकोणीस मिमी हवेत. पाचोरा–जामनेरची पूर्वीची ७६२ मिमी नॅरोगेज मात्र ९ मिमी रुळावर जवळजवळ अचूक बसते, म्हणून नवशिक्याने तीच निवडावी.