खिडकी बंद झाली, पसारा कोणी आवरायचा?

आमच्या वर्धेकडे लग्नघरी शेजारपाजारची भांडी गोळा होतात. पराती, पातेली, गंज, सारे एकाच ओसरीवर. तरी कार्य उरकल्यावर फारसा घोळ होत नाही; कारण भांड्यावर नाव कोरलेले असते. संगणकाच्या पडद्यावरील खिडक्यांच्या इतिहासात नेमकी हीच युक्ती कामी आली.

१९८३ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत विद्यार्थ्यांसाठी संगणकांचे जाळे उभारणारा 'अथीना' प्रकल्प सुरू झाला. पुढच्याच वर्षी रॉबर्ट शाइफलर व जिम गेटिस यांनी तेथे 'एक्स' ही खिडकी-प्रणाली हाती घेतली. आधार होता स्टॅनफर्डच्या 'डब्ल्यू' प्रणालीचा, म्हणून नाव वर्णमालेतले पुढचे अक्षर! यात पडदा सांभाळणारी आज्ञावली म्हणजे सर्व्हर आणि खिडकी मागणारी ती क्लायंट. म्हणजे सर्व्हर आपल्या टेबलावर आणि क्लायंट कदाचित दुसऱ्या इमारतीत. मग क्लायंट मध्येच कोसळला किंवा तार तुटली, तर त्याच्या खिडक्या, चित्रे, अक्षरटंक यांचे काय? त्यांनी अडवलेली स्मृती तर सर्व्हरची असते.

सप्टेंबर १९८७ मध्ये आलेल्या अकराव्या आवृत्तीत याची चोख व्यवस्था आढळते. जोडणी होतानाच सर्व्हर प्रत्येक क्लायंटला क्रमांकांचा स्वतंत्र पट्टा देतो. क्लायंटने निर्माण केलेल्या प्रत्येक वस्तूचा क्रमांक त्याच पट्ट्यातला. म्हणजे क्रमांकातच धन्याचे नाव. जोडणी तुटली की सर्व्हर त्या पट्ट्यातले सारे मोडून जागा मोकळी करतो. आधी सांगून ठेवले असेल तर राखूनही ठेवतो.

एक पेच मात्र होता. खिडक्यांना चौकट चढवणारा व्यवस्थापक हाही एक क्लायंटच. तो कोसळला तर त्याच्या चौकटींबरोबर आत बसवलेल्या इतरांच्या खिडक्याही जायच्या. म्हणून त्याने अशा परक्या खिडक्यांची यादी सर्व्हरकडे द्यायची. चौकटी मोडण्यापूर्वी सर्व्हर त्या खिडक्या अलगद बाहेर काढतो.

जागा सुटली, पण काम? संशोधन करत असताना एक अडून बसलेली खिडकी मी 'एक्सकिल' या आज्ञेने बंद केली. अर्ध्या तासाची न साठवलेली मोजमापे गेली. सर्व्हरचे काहीच चुकले नव्हते! त्याला वस्तू कळतात, वस्तूंमागची मेहनत कळत नाही.

ही उणीव १९८९ च्या एका संकेतावलीने भरून काढली. फुलीवर टिचकी मारली की व्यवस्थापकाने खिडकी मोडायची नाही. क्लायंटला नुसता निरोप द्यायचा. काम साठवायचे का, हे विचारून क्लायंटने स्वतः निघायचे. हा निरोप समजत नसल्याचे ज्यांच्याबाबत दिसते, त्यांचीच जोडणी तोडायची.

शाळेत एक्सवर चालणारा लिनक्स संगणक असेल तर मुलांना हे दाखवता येईल. लेखनाच्या दोन स्वतंत्र आज्ञावली उघडून प्रत्येकीत दोन ओळी लिहा. एक फुलीने बंद करा, दुसरी एक्सकिलने. पहिली साठवणीचे विचारील. दुसरी काही न विचारता नाहीशी होईल.