समालोचकाची निवृत्ती

खेळाडू मैदान सोडतो तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. समालोचक ध्वनिक्षेपकापुढून उठतो तेव्हा टाळी वाजत नाही. एके दिवशी तो आवाज ऐकू येत नाही, एवढेच. मग त्याने मागे ठेवले काय?

आपल्याकडे क्रिकेटच्या धावत्या वर्णनाचा आरंभ मुंबईत १९३४ साली, चौरंगी सामन्यांच्या वेळी झाला. बोलणारे होते बॉबी तल्यारखान. भाषा इंग्रजी, आवाज भारदस्त, आणि दम असा की दिवसभर एकटेच बोलत. १९४८-४९ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ आला. रेडिओच्या अधिकाऱ्यांनी ठरवले, की यापुढे एकाने नव्हे, तिघांनी पाळीपाळीने बोलावे. तल्यारखानांना ही वाटणी मानवली नाही. ऐन लोकप्रियतेत ते उठून गेले. पुढे अधूनमधून बोलले; पण ते एकछत्री राज्य काही परत आले नाही.

एकाच आवाजाची गोडी निराळी, हे खरे. पण नभोवाणी ही कोणा एकाची मिरास नव्हे. ध्वनिक्षेपक वाटून घ्यायचा असतो हे एकदा रुळले, की आज ना उद्या भाषेचीही पाळी येतेच.

तशी ती मराठीची आली. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले होते. रणजी स्पर्धेत महाराष्ट्राकडून खेळलेले बाळ ज. पंडित यांनी मराठी समालोचन घरोघर पोचवले. दापोडीसारख्या पुण्याच्या वेशीवरच्या गावात काय, किंवा दूरच्या वाडीवर काय, इंग्रजीचे अक्षर न येणाऱ्यालाही ‘पायचीत’, ‘यष्टिरक्षक’, ‘निर्धाव षटक’ हे शब्द घरचे वाटू लागले. मैदान न पाहिलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे मैदान उभे राहिले.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन आले. हळूहळू चित्रच बोलू लागले. चेंडू कुठे गेला हे सांगण्याची गरज उरली नाही. पंडित २०१५ साली निवर्तले. आवाज थांबला, पण शब्द राहिले. आज गावच्या पटांगणावर पोरे ‘झेल, झेल!’ म्हणून ओरडतात, ती त्याच ठेव्यातली मिळकत.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. शाळेत सामना असेल तेव्हा एका मुलाला कडेला बसवून मराठीत वर्णन करायला सांगा. शब्द अडला तर सगळ्यांनी मिळून शोधा. आणि पाळी मात्र प्रत्येकाला द्या.