घूस, बॅन्डिकूट आणि प्लेगचा जंतू

आमच्या डोंबिवलीत घूस कुणाला माहीत नाही? इंग्रजीत ती बॅन्डिकूट. शब्द मूळचा तेलुगू, 'पंदिकोक्कु', म्हणजे डुक्कर-उंदीर. गंमत पुढेच आहे. इंग्रज ऑस्ट्रेलियात गेले, तिथे लांब नाकाचा, माती उकरणारा एक प्राणी दिसला आणि त्यांनी हेच नाव त्याला चिकटवलं. पण तो उंदरांच्या जातीतला नाहीच! कांगारूसारखा पिशवीवाला. पिशवीचं तोंडही मागे, त्यामुळे उकरलेली माती पिल्लांवर पडत नाही. तर नाव आपल्या घुशीचं, प्राणी भलताच.

आता याच्याशेजारी प्लेगचा जंतू ठेवून बघा. १८९४ मध्ये हाँगकाँगला अलेक्झांडर यर्सिनने तो शोधला. आज त्याचं नाव यर्सिनिया पेस्टिस. इथे नाव आणि जीव यांची जोडी अगदी बरोबर. १८९६ मध्ये डॉ. व्हिएगस यांनी मुंबईत मांडवीला प्लेग ओळखला, तेव्हा जंतू सापडून दोन वर्षं झाली होती.

मग सरकारने काय केलं? माणसं तपासली. कल्याणला रेल्वेचे फाटे फुटतात, एक नाशिककडे, एक पुण्याकडे. म्हणून १८९७ मध्ये मुंबईहून येणाऱ्या प्रवाशांना इथे उतरवून ताप बघायचे, काखेत-जांघेत गाठ आहे का ते चाचपायचे. बायकांना ते किती लाजिरवाणं वाटलं असेल, सांगायला नको. आणि जंतू? तो उंदरांच्या अंगावरच्या पिसवांतून, धान्याच्या पोत्यांबरोबर आरामात पुढे जाऊ शकत होता. त्याची गाठ कोण चाचपणार!

पिसूचा दुवा पॉल-लुई सिमाँने १८९८ मध्ये कराचीत दाखवला. पण तो लगेच कुणी मानला नाही. १९०५ पासून प्लेग कमिशनने परळच्या प्रयोगशाळेत प्रयोग केले, तेव्हा कुठे तो पक्का झाला. तोवर देशभर लाखो माणसं गेली होती. पुढच्या काही दशकांत हा आकडा एक कोटीच्या वर गेला.

आमच्या धंद्यात व्हेरिएबलला चुकीचं नाव दिलं की वाचणारा फसतो. पण नाव बरोबर दिलं म्हणजे प्रोग्रॅम कळला असंही नसतं. बॅन्डिकूटचं नाव चुकलं, त्याने कुणाचं काही बिघडलं नाही. प्लेगच्या जंतूची ओळख बरोबर पटली होती, फक्त त्याची वाट माहीत नव्हती. त्याची किंमत कल्याणच्या प्लॅटफॉर्मवर उभ्या केलेल्या माणसांनी मोजली.