बिडीचं येणं अन् सुटणं

मागच्या वेळी आपण गटाच्या अंतर्गत कर्जाच्या नोंदी कशा ठेवायच्या ते बोललो होतो. आज बोलायचं आहे बिडीवर. बचत गटाच्या बायांचं बिडीशी काय काम, असं कुणाच्या मनात येईल. ते काम कसं पडलं, ते आधी सांगतो.

राळेगाव तालुक्यातल्या आमच्या एका गटात एक काकू आहेत. त्यांच्या मालकांनी पाच वर्षांपूर्वी बिडी सोडली होती. रोज दीड बंडल ओढणारा माणूस, पोळ्याच्या दिवशी सोडली ती सोडलीच. काकू बैठकीत मोठ्या अभिमानाने सांगायच्या आणि आम्हीही दुसऱ्या गावात गेलो की त्यांचंच उदाहरण द्यायचो. गेल्या उन्हाळ्यात काकांचे मोठे भाऊ वारले. तेरवीच्या आदल्या रात्री मांडवात माणसं बसली होती, बंडल हातोहात फिरत होतं. कुणीतरी सवयीने काकांपुढे धरलं. त्यांनी एक ओढली. महिनाभरात पुन्हा दिवसाला एक बंडल झालं. काकू त्यानंतर दोन बैठकांना आल्या नाहीत. हप्ता भरायला पैसे नव्हते म्हणून नाही, लाजेनं आल्या नाहीत. आम्ही घरी गेलो तर एवढंच म्हणाल्या, "पाच वर्षांचं सारं पाण्यात गेलं न वं बाई."

खरंच पाण्यात गेलं का, यावर आमच्यात चांगलाच वाद झाला. आमच्यातल्या एकीचा बी.ए.ला इतिहास विषय होता. ती म्हणाली, आधी ही बिडी आपल्या मांडवात आली कुठून, ते पाहू.

तंबाखू मुळात आपल्या मातीतली नाही. ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या जहाजांनी ती आपल्या किनाऱ्याला आणली. 1604 च्या सुमाराला अकबर बादशहाचा वकील असद बेग विजापूरच्या दरबारात गेला होता. तिथं त्याने तंबाखू पाहिली आणि नजराण्यात घालून बादशहाकडे नेली. बादशहाने दोन-चार झुरके घेतले. हकीम नको नको म्हणत होता. पुढे 1617 मध्ये जहांगीर बादशहाने तंबाखूबंदीचा हुकूम काढला. हुकूम कागदावर राहिला आणि तंबाखू शेतात पिकायला लागली.

बिडी मात्र त्या मानाने कालची. आधी होती चिलीम, हुक्का आणि गुडगुडी. त्या पेटवायच्या म्हणजे निखारा हवा, बसायला जागा हवी, चार माणसं हवीत. पानात गुंडाळलेली तंबाखू गुजरातेत ओढली जायची. तिकडे 1899-1900 चा मोठा दुष्काळ पडला, तेव्हा अनेक कुटुंबं पोटामागे बाहेर पडली. त्यातली काही जबलपूरच्या बाजूला आली आणि तिथल्या जंगलात त्यांना टेंभुर्णीचं पान सापडलं. आपण ज्याला तेंदूपत्ता म्हणतो, तेच. हे पान रुंद असतं, वळताना फाटत नाही, वाळलं तरी आकार धरून ठेवतं. तिथून रेल्वेच्या वाटेने हा धंदा गोंदिया, भंडारा, कामठीपर्यंत पोचला. मे महिन्यात पहाटे उठून जंगलात पान तोडायला बाया जातात. सोलापूर, सिन्नर, भंडारा इथं घरी बसून बिड्या वळायलाही बायाच. बिडी कामगारांसाठी 1966 साली कायदा झाला, 1976 साली कल्याण निधीचा कायदा झाला. कारण सरकारलाही दिसत होतं की घरच्या घरी चालणाऱ्या या कामात मजुरी मिळते थोडी आणि तंबाखूची धूळ श्वासात जाते भरपूर. यावर एक वेगळं भाषण करायचं आमच्या मनात आहे.

स्वदेशीच्या चळवळीत परदेशी सिगारेटवर बहिष्कार पडला आणि बिडीला बरकत आली. शिकलेली माणसंही बिडी ओढायला लागली. गंमत अशी, की ज्या गांधीजींच्या हाकेवर लोकांनी विलायती माल टाकला, त्यांना स्वतःला धूर अजिबात आवडत नसे. त्यांचं सेवाग्राम आपल्यापासून किती लांब? वर्धा नदी ओलांडली की त्यांचाच जिल्हा. पोरवयात त्यांनीही काकांची थोटकं ओढली होती, नोकराच्या खिशातले पैसे चोरून बिड्या घेतल्या होत्या. हे त्यांनी स्वतः आत्मकथेत लिहिलंय. मोठेपणी कधी इच्छाच झाली नाही, असंही लिहिलंय. पण बायांनो, आम्हाला विचाराल तर त्यांचं उदाहरण काकांना लागू पडत नाही. गांधीजींची सवय मुरायच्या आतच सुटली होती. चाळीस वर्षं ओढलेल्या माणसाचं अंग वेगळं बोलतं.

आपल्याकडे बिडी इतकी मुरली कशी? आम्हाला वाटतं, ती कामाला चिकटली म्हणून. डवरणाच्या दिवसांत सालदाराला मालक "जरा बस" म्हणायचा नाही, पण बिडी पेटवायला थांबलं तर कुणी बोलायचं नाही. म्हणजे एक बिडी ही तेवढ्या वेळाची सुट्टी होती. रात्री रानडुकरांपायी शेतात जागल करायची, तर झोप घालवायला बिडी. सोयरिकीला पाहुणे आले, तर पानसुपारीच्या ताटात बंडल आणि माचिस. कुणी मेलं, तर मांडवात बोलायला शब्द नसतात, तेव्हाही तीच. आमच्यापैकी दोघींच्या आज्याही निंदताना धुऱ्यावर बसून ओढायच्या, तेव्हा नुसत्या पुरुषांना बोल लावण्यात अर्थ नाही.

व्यसन सोडा म्हणून सांगणारेही आपल्या मातीत झाले. गाडगेबाबांनी कीर्तनातून सांगितलं. तुकडोजी महाराजांनी खंजिरी वाजवत गावोगाव सांगितलं. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळांची सामुदायिक प्रार्थना आजही कितीतरी गावांत संध्याकाळी होते. आमचं निरीक्षण असं, की प्रार्थनेला जाणाऱ्यांपैकी ज्यांची सुटली, त्यांना तिन्हीसांजेला बसायला पानठेल्याऐवजी दुसरी जागा मिळाली होती. उपदेश तर सगळ्यांनीच ऐकला होता.

मग आला कायदा. जुन्या बायांना आठवत असेल, एसटीत खिडकीशी बसलेला माणूस खुशाल बिडी ओढायचा आणि मागच्या बाईच्या मांडीवरचं लेकरू खोकायचं. मुंबईचे नेते मुरली देवरा सुप्रीम कोर्टात गेले आणि 2 नोव्हेंबर 2001 ला कोर्टाने दवाखाने, शाळा, बस, रेल्वे अशा सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान बंद करायला सांगितलं. 2003 मध्ये संसदेने कायदा केला. 2008 च्या गांधी जयंतीपासून सार्वजनिक जागी बंदीचे नियम देशभर लागू झाले. परिणाम दिसला. देशभर झालेल्या तंबाखूच्या पाहणीत 2009-10 ला महाराष्ट्रातले 6.6 टक्के मोठे लोक धूर ओढणारे निघाले, 2016-17 ला ते 3.8 टक्क्यांवर आले.

पण त्याच पाहणीत दुसरा आकडा आहे. खाण्याची, चघळण्याची, घासायची तंबाखू 2016-17 मध्येही 24.4 टक्के लोकांच्या तोंडात होती. गुटख्यावर 2012 मध्ये राज्यात बंदी आली, पण आपल्या विदर्भात खर्रा घोटणं थांबलं का? पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटताना आपण रोज पाहतो. कितीतरी घरांत "बिडी सुटली" याचा अर्थ "खर्रा लागला" एवढाच होतो. निकोटिन तेच. वर सुपारी स्वतःच कर्करोग करणारी, तोंड उघडेनासं होतं ते तिच्यामुळेच. बिडी सोडताना खर्रा धरला, तर ती सुटली म्हणून आम्ही वहीत लिहीत नाही.

आता काकूंच्या प्रश्नाकडे येऊ. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या दोघांनी 1951 मध्ये तिथल्या डॉक्टरांना पत्रं पाठवून विचारलं, तुम्ही ओढता का, किती ओढता? मग चौतीस हजारांवर पुरुष डॉक्टरांचा हिशोब पन्नास वर्षं ठेवला. आपल्या गटाच्या वहीसारखीच वही, फक्त पन्नास वर्षांची! 2004 मध्ये निकाल छापला. सिगारेट ओढत राहणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. ज्यांनी साठाव्या वर्षी सोडली त्यांना तीन वर्षं परत मिळाली, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांना सहा, चाळिसाव्याला नऊ. तिशीत सोडणाऱ्यांचं नुकसान जवळजवळ सगळं भरून निघालं. "बिडी पानाची असते, सिगारेटइतकी वाईट नाही," असं कुणी म्हणालं तर त्याला भारतातला 2008 चा अभ्यास सांगा. बिडी ओढणारे पुरुष सुमारे सहा वर्षं आधी मरतात, बिडी ओढणाऱ्या बाया सुमारे आठ वर्षं. बिडी विझू नये म्हणून जोरात आणि पुन्हा पुन्हा ओढावी लागते, त्यामुळे धूर खोल जातो.

म्हणजे काकांची पाच वर्षं पाण्यात गेली नव्हती. सोडल्याला वर्ष झालं की हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळपास निम्म्यावर येतो. त्या पाच वर्षांत काकांच्या काळजाला आणि फुप्फुसांना जी विश्रांती मिळाली, ती मिळालीच. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मंग पुन्हा सोडवता येईन."

इथं आमची चूकही कबूल करतो. पहिल्यांदा आम्ही मोठ्या उत्साहाने ठराव केला होता, ज्याच्या घरी बिडी दिसेल त्याला पन्नास रुपये दंड. दोन महिन्यांत कळलं, ओढायचा नवरा आणि दंड भरायची बायको, तोही तिच्या बचतीतून. पुरुष घरी ओढणं सोडून गोठ्यामागे ओढायला लागले. ठराव मागे घेतला.

मग आम्ही वेगळं केलं. ज्यांची सुटून वर्षानुवर्षं झाली, अशी माणसं गावोगाव शोधली आणि त्यांना विचारलं, "दादा, राहते कशी?" सोडली कशी, ते कुणीही सांगतं. राहते कशी, हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. एक जण म्हणाले, पहिले तीन दिवस डोकं फिरल्यासारखं झालं, पुढचे तीन आठवडे झोप नीट नाही, पोट साफ नाही, लेकरांवर ओरडलो. दुसऱ्यांचं म्हणणं, तलफ आली की विहिरीपर्यंत चालत जायचं आणि लोटाभर पाणी प्यायचं, तेवढ्यात ती निघून जाते. जागलीला जाणारे एक भाऊ खिशात फुटाणे ठेवतात. आणखी एकांनी सांगितलेलं आम्हाला फार पटलं. कुणी बंडल पुढं केलं तर "मी सोडली आहे" असं ते म्हणत नाहीत, कारण तसं म्हटलं की समोरचा "एकानं काय होते बे" म्हणतो. ते म्हणतात, "मी ओढत नाही." विषय तिथंच संपतो.

त्या पहिल्या महिन्याबद्दल आपल्याशी बोलायचं आहे, मैत्रिणींनो. माणूस चिडचिड करतो, ताट ढकलतो, तेव्हा कंटाळून आपणच म्हणतो, "जा बाप्पा, ओढून ये एकदाची." आमच्यापैकी एकीने तर स्वतः बंडल आणून दिलं होतं. ती चिडचिड म्हणजे अंगातलं निकोटिन कमी होत असल्याची खूण आहे आणि दोन ते चार आठवड्यांत ती उतरते, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर तिने ते आणलं नसतं. तंबाखूच्या पाकिटावर 1800-11-2356 हा फुकटचा नंबर असतो, तिथं समुपदेशक बोलतात. आशाताईंना विचारलं तर त्या जवळच्या केंद्राचा पत्ता सांगतात. निकोटिनचं च्युइंगमही मिळतं, त्याने पहिले आठवडे सोपे जातात.

पैशाचंही सांगतो. रोजचे वीस रुपये धरले, तरी वर्षाचे 7,300 होतात. एवढ्यात बीटी कपाशीची कितीतरी पाकिटं येतात. काही घरांत हे पैसे वेगळ्या डब्यात टाकतात आणि महिन्याला गटात भरतात. वहीत त्यासाठी एक पान राखलंय. त्या पानावर सुटल्याची तारीख असते. पुन्हा लागली तर तीही तारीख, आणि पुन्हा सुटल्याची तारीख. खोडायचं काही नाही. हे पान काढलं, तेव्हा एका आजीने कमरेची नसेची डबी काढून पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "माह्यंही लिवा." आम्ही सगळ्या खाली पाहायला लागलो, कारण दात घासायची मशेरी आणखी तिघींच्या घरी होती.

तिकडे गडचिरोलीत 2016 पासून डॉ. अभय बंग यांच्या सर्च संस्थेने शासन आणि टाटा ट्रस्टबरोबर मुक्तिपथ अभियान चालवलंय. तिथं गावं मिळून ठरवतात, की आपल्या गावात दारू आणि खर्रा विकायचा नाही. आमच्यापाशी तेवढी ताकद नाही. आम्ही एवढंच ठरवलं, की गटातल्या घरांच्या मांडवात बिडीचं ताट फिरवायचं नाही. लग्न असो की तेरवी.

काकांनी दोनदा प्रयत्न केला. पहिला अकरा दिवसांत मोडला. दुसरा आखाडीपासून चालू आहे. भादव्यात काकूंच्या जावेच्या माहेरी तेरवी होती. ते घरही गटातलंच. ताटात बडीशेप आणि खडीसाखर ठेवली होती. दोन म्हातारे रागावले, "ही कोणती रीत," म्हणत उठून पानठेल्यावर गेले. काकांनाही त्यांनी हाक मारली. काका बसून राहिले. काकूंनी दुसऱ्या दिवशी बैठकीला आल्या आल्या ती तारीख वहीत लिहायला लावली.